बेने इस्राएलांचे सण

कोकणातील मराठीभाषक ज्यू समाजाची सण पाळण्याची परंपरा. अलिबाग, पेण, रोहे भागांत तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. प्रार्थनामंदिर नसतानाही त्यांचा धर्म असा सर्वांच्या नजरेसमोर होता. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग उभारले ते 1796 मध्ये.

योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून कडक उपवास होई आणि कोणाशीही व्यवहार नसे. दुसऱ्या दिवशी, ‘शिळ्या सणा’ला, दानधर्म व गाठीभेटी होत. जेरुसलेमच्या मंदिराच्या विनाशाच्या स्मरणार्थ असलेला तिशा बेआवचा उपवास वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा रोजा’ झाला. हनुक्का हा दिव्यांचा सण मात्र जुन्या रिवाजात नव्हता. पोहे, गूळ, खोबरे व फळांचा मलिदा हा नैवेद्य एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावाने होतो. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा असल्याची श्रद्धा आहे. या समाजाची खरी ओळख या मलिद्यातच दिसते.

1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.