पोत्याचं वजन, माणसाची पाठ

शहादा तालुक्यातलं पुरुषोत्तमनगर हे साखर कारखान्याभोवती वाढलेलं गाव. पी. के. अण्णा पाटील यांचं नाव पुरुषोत्तम. त्यावरून गावाचं नाव पडलं. या भागात उसाचं, साखरेचं बोलणं नेहमी टनांत आणि पोत्यांत चालतं. ते वजन कुणाच्या पाठीवरून गेलं, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. आज तोच थोडा मांडतो.

माझे अब्बा शहाद्याच्या बाजारात हमाल होते. तेव्हाचं पोतं एक क्विंटलचं, म्हणजे शंभर किलोचं. अब्बांचं स्वतःचं वजन साठ किलोही नसेल. रात्री अम्मी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून त्यांची कंबर शेकायची. सकाळी ते पुन्हा पोत्याखाली. एकदा कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांनी महिनाभर फळीवर झोपून राहायला सांगितलं. मजुरी पोत्यावर मिळायची, त्यामुळे अब्बा चौथ्या दिवशीच उठले. शेवटची काही वर्षं ते नमाज बसूनच पढले. सजद्यात कपाळ जमिनीला टेकत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटे.

पाठदुखीचा आणि कामाचा संबंध वैद्यकाला फार पूर्वी कळला होता. इटलीत बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्यानं १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचाराच, पण 'तुझा धंदा कोणता?' हेही विचारा, असं त्यानं सांगितलं. पुढे १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं, की मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबली गेली, की कळ पायात उतरते. त्यानंतर शस्त्रक्रिया वाढल्या. पाठ दुखली की झोपून राहा, हा सल्ला तर कायमच होता. १९८६ साली अमेरिकेतच २०३ रुग्णांची पाहणी झाली. नसेवर दाब नसलेल्या साध्या पाठदुखीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच गुणकारी ठरली, आणि दोन दिवसवाले कामावर लवकर परतले. आज डॉक्टर झेपेल तसं चालत-फिरत राहायला सांगतात. म्हणजे अब्बा लवकर उठले, हे चुकलं नव्हतं. उठल्यावर समोर पुन्हा शंभर किलोचं पोतं होतं, तिथं चूक होती.

ही चूक दुरुस्त करायला औषध पुरेसं नव्हतं. पुण्याच्या नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. बाबा आढावांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं. १९६९ साली माथाडी कायदा झाला; मजुरी, भविष्य निर्वाह निधी यांची व्यवस्था लागली. त्याआधी दोनच वर्षं, १९६७ साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं प्रौढ पुरुषानं उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली होती. त्याच वर्षीच्या ओझ्याविषयीच्या कराराला भारतानं २०१० साली मान्यता दिली. हमालांच्या संघटनांनी पन्नास किलोच्या पोत्याची मागणी लावून धरली. आज साखर, सिमेंट पन्नास किलोच्या पोत्यांत येतं. पोतं निम्मं झालं, ते अब्बांच्या पाठीला उशिरा झालं.

आपण घरात काय करावं? ओझं कंबरेतून वाकून न उचलता गुडघ्यात बसून उचलावं, छातीशी धरावं, वळताना धड न पिळता पाय वळवावेत. रोज चालावं. पायाला बधिरपणा आला, ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर शेकत न बसता तातडीनं डॉक्टर गाठावा.

पण उसाच्या फडात हा सल्ला ऐकवायला मला संकोच वाटतो. ऊसतोड करणारी बाई दिवसभर कोयता घेऊन वाकलेली असते, आणि संध्याकाळी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गाडीचं वजन काट्यावर होतं. तिच्या डोक्यावरच्या मोळीचं कुठं होतं? रामाझिनीच्या प्रश्नाला मी एक प्रश्न जोडतो. कोणी पाठ दुखते म्हणालं, की 'काय काम करतोस?' एवढ्यावर थांबू नये. 'किती वजन उचलतोस?' हेही विचारावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)