ओआयसीचं मुख्यालय जेद्दातच का?

हज-उमराहला जाताना आपल्यापैकी अनेकजण जेद्दाच्या विमानतळावर उतरतात. याच शहरात ५७ देशांच्या इस्लामी सहकार्य संघटनेचं, म्हणजे ओआयसीचं मुख्यालय आहे. पण संघटनेच्या सनदेनुसार ते आजही तात्पुरतंच आहे.

२१ ऑगस्ट १९६९ रोजी जेरुसलेममधील मस्जिद-ए-अक्साला आग लावण्यात आली. सुलतान सलाहुद्दीन यांच्या काळातलं मिंबर त्यात जळालं. महिनाभरातच मोरोक्कोतील रबात इथं मुस्लिम देशांची शिखर परिषद भरली आणि संघटनेचा पाया घातला गेला. मार्च १९७० मध्ये परराष्ट्रमंत्र्यांची बैठक जेद्दात झाली. सचिवालय इथंच ठेवायचं ठरलं, पण बैतुल मुकद्दस मुक्त होईपर्यंतच. २००८ च्या सनदेतही हेच नमूद आहे: कायमचं मुख्यालय अल-कुद्स.

एरवी अशा संघटनांसाठी शहर निवडताना विमानसेवा, जागा, सवलती पाहतात. इथं निवडीच्या मुळाशी एक वचन आहे. पन्नासहून अधिक वर्षं झाली, ते अजून कागदावरच आहे. म्हणून मुलांना ओआयसीबद्दल सांगताना जेद्दासोबत बैतुल मुकद्दसचंही नाव घ्यावं, असं आम्हाला वाटतं.