खुनाची कबुली : कोर्ट कोणाचं ऐकतं?

टीव्हीच्या थरारपटात एकाच खुनाच्या दोन उलटसुलट कबुल्या येतात अन् गोष्ट रंगते. कोर्टात नुसत्या कबुलीवर भागत नाही.

उदाहरण आपल्याच भागातलं. १९४९ मध्ये गोंदियात पाच वर्षांच्या मुलाचा खून झाला. तेव्हा सौंसर आणि गोंदिया एकाच राज्यात होते. एका आरोपीने कबुली देताना कश्मीरा सिंगचंही नाव घेतलं. दोघांना फाशी सुनावली गेली. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : आधी बाकीचा पुरावा तपासा, त्याला बळ देण्यापुरताच सहआरोपीच्या कबुलीचा आधार घ्या. कश्मीरा सिंगची फाशी टळली.

आजही पोलिसांपुढची नुसती कबुली पुरावा नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३). न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, स्वखुशीने दिलेली चालते. पांढुर्णा असो की गोंदिया, नियम एकच.