खानदेशातील दोन नगरांची वाढ

दख्खन, गुजरात व माळवा या तीन प्रांतांच्या सीमेवर वसलेल्या खानदेशात आजची दोन प्रमुख नगरे म्हणजे धुळे व जळगाव. १९०१ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या २४,७२६, तर जळगावची १६,२५९ होती. २०११ मध्ये जळगाव सुमारे ४ लाख ६० हजारांवर पोहोचले. धुळे सुमारे पावणेचार लाखांवर राहिले. एक अठ्ठावीस पटींनी वाढले, दुसरे पंधरा पटींनी. जन्ममृत्यूंच्या प्रमाणातील फरकाने एवढ्या अंतराचा उलगडा होत नाही. त्याची कारणे इतिहासातच शोधली पाहिजेत.

धुळ्याची वाढ मुख्यतः राजसत्तेच्या आश्रयाने झाली. होळकरी दंगल व १८०३ च्या सुमाराचा दुष्काळ यांनी उजाड झालेला हा प्रांत १८१८ मध्ये इंग्रजांकडे आला. कॅप्टन ब्रिग्ज याने पांझरेकाठचे, मुंबई-आग्रा मार्गावरील धुळे हे ठाणे निवडले. त्याच्या शेजारी सरळ रस्त्यांची नवी वस्ती उभी राहिली. कचेरी आली तेव्हा कारकून, वकील व व्यापारीही आले. मात्र लोहमार्ग पोहोचला तो १९०० मध्ये, आणि तोही चाळीसगावहून निघालेला फाटा म्हणून.

जळगावची गोष्ट निराळी आहे. तेथे सत्तेच्या आधी बाजार आला. १८६० नंतरच्या दशकात मुंबईहून येणारा लोहमार्ग या गावावरून गेला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव कडाडले. आसमंतातील काळ्या जमिनीचा कापूस स्थानकाकडे वाहू लागला. मागोमाग सरकीचे कारखाने, गठ्ठे बांधण्याचे प्रेस व सूतगिरणी आली. युद्ध संपताच भाव कोसळले, पण रूळ व पेठ कायम राहिली. १९०६ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे झाले, तेव्हा सत्ता बाजारामागून आली, असेच म्हणावे लागेल.

भाषेची साक्षही हेच सांगते. भोवतीच्या खेड्यांत अहिराणी व लेवा बोली नांदत असता, जळगावच्या पेठेत गुजराती व मारवाडी यांचा व्यवहार रुजला. तो आलेल्या माणसांबरोबरच आला. या वाढीचे मोल मात्र एरंडोल, नशिराबाद यांसारख्या जुन्या गावांनी चुकविले. नगर वाढते तेव्हा माणसे कोठून तरी निघालेली असतात. म्हणून एका नगराचा इतिहास त्याच्या शेजाऱ्यांच्या इतिहासावाचून पुरा होत नाही.