पूर्ण वस्तू कोणती? : व्हिडिओ खेळांतील आगाऊ नोंदणी व पुरवण्या यांचा वाद

विकलेली वस्तू पूर्ण केव्हा मानावी, हा प्रश्न ग्राहक व विक्रेता यांच्यामध्ये फार जुना आहे. व्हिडिओ खेळांच्या व्यवसायात मात्र तो गेल्या वीस वर्षांत विशेष तीव्रतेने उपस्थित झाला. आगाऊ नोंदणी करणाऱ्यास मिळणारी बक्षिसे आणि इंटरनेटवरून विकत घ्यावयाच्या पुरवण्या, म्हणजेच 'डीएलसी', यांविषयीचा वाद वरवर पाहता किंमतीचा वाटतो. परंतु घटनाक्रम तपासला असता त्याचे मूळ निराळे असल्याचे दिसून येते.

पुरवणीची कल्पना मुळात नवी नव्हती. १९९८ साली 'स्टारक्राफ्ट' या खेळास 'ब्रूड वॉर' ही जोड त्याच वर्षअखेरीस मिळाली. ती स्वतंत्र डब्यात, स्वतंत्र किंमतीस विकली गेली. डबा तयार करणे व दुकानापर्यंत पोहोचविणे खर्चाचे असल्यामुळे पुरवणीत भरघोस मजकूर असणे प्रकाशकासही भाग होते. २००५ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचे 'एक्सबॉक्स ३६०' हे यंत्र बाजारात आले आणि त्यावरील दुकानामुळे हे बंधन सुटले. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा या संस्थेने 'ऑब्लिव्हियन' या खेळातील घोड्यासाठी चिलखत अडीच डॉलरांस विकावयास काढले. ते बहुतांशी शोभेचेच होते. त्याचा पुष्कळ उपहास झाला. तथापि ते विकले गेले, आणि व्यवसायाने धडा घेतला तो उपहासापासून नव्हे, विक्रीपासून.

आगाऊ नोंदणीचेही असेच झाले. खेळ डब्यातून विकला जात असताना प्रती संपण्याची भीती खरी होती. दुकानदारास मागणीचा अंदाज येई व ग्राहकास प्रतीची हमी मिळे. खेळ इंटरनेटवरून उतरवून घेता येऊ लागल्यावर प्रत संपण्याचा प्रश्नच उरला नाही. नोंदणीचे मूळ कारण असे लोपल्यावर तिच्या जागी आमिष ठेवावे लागले: एखादे शस्त्र, एखादा पोशाख, क्वचित एखादी संपूर्ण मोहीम.

मार्च २०१२ मध्ये या वादास धार आली. 'मास इफेक्ट ३' प्रसिद्ध झाला त्याच दिवशी एका महत्त्वाच्या पात्राची पुरवणी दहा डॉलरांस विक्रीस आली. मुख्य खेळ पूर्ण होऊन तपासणीस व छपाईस गेल्यानंतरच्या काळात ही पुरवणी तयार झाली, असे निर्मात्यांचे म्हणणे होते. परंतु त्या पात्राचा काही भाग मूळ तबकडीवरच असल्याचे खेळाडूंनी दाखवून दिले. त्याच महिन्यातील 'स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन' या खेळात तर बारा पात्रे तबकडीवर असूनही कुलूपबंद होती. ती विकत घेणारे व न घेणारे यांना परस्परांशी खेळता यावे, हे कॅपकॉमचे समर्थन तांत्रिकदृष्ट्या निराधार नव्हते. तरीही घरात आलेल्या वस्तूची किल्ली पुन्हा विकत घ्यावी लागणे ग्राहकास पटले नाही.

प्रकाशकांची बाजू सर्वस्वी खोटी होती असे म्हणता येणार नाही. अमेरिकेत मोठ्या खेळाची किंमत सुमारे २००५ पासून २०२० पर्यंत साठ डॉलरांवर स्थिर राहिली, आणि निर्मितीचा खर्च मात्र वाढत गेला. जुन्या प्रतींच्या फेरविक्रीतून त्यांना काहीच मिळत नसे. ती तूट भरून काढण्यासाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१० मध्ये सुरू केलेला 'ऑनलाइन पास' ग्राहकांच्या नाराजीमुळे २०१३ मध्ये सोडून द्यावा लागला. येथे खरा प्रश्न जोखमीचा आहे. आगाऊ पैसे देणारा ग्राहक परीक्षण वाचण्यापूर्वीच व्यवहार करतो. वस्तू सदोष निघाल्यास भार त्याच्यावर पडतो.

२०१५ साली या भाराची वाटणी काहीशी बदलली. जूनमध्ये 'स्टीम' या दुकानाने खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, व दोन तासांहून कमी खेळले असल्यास, पैसे परत देण्याचा नियम केला. त्याच महिन्यात 'बॅटमॅन: आर्कम नाइट' या खेळाची सदोष संगणक-आवृत्ती विक्रीतून मागे घेतली गेली. 'डेअस एक्स: मॅनकाइंड डिव्हायडेड' या खेळासाठी स्क्वेअर एनिक्सने नोंदणीची संख्या वाढेल तशी बक्षिसे खुली करण्याची योजना आखली होती, ती ऑक्टोबरात रद्द झाली.

सर्वांत बोधप्रद उदाहरण पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचे होय. २०१५ मध्ये 'द विचर ३' या खेळाच्या सोळा लहान पुरवण्या सर्वांना विनामूल्य देऊन या संस्थेने मोठा विश्वास संपादन केला. त्या विश्वासाच्या बळावर २०२० साली 'सायबरपंक २०७७' या खेळाची सुमारे ऐंशी लाख प्रतींची आगाऊ नोंदणी झाली. डिसेंबरात तो प्रसिद्ध झाला तेव्हा जुन्या यंत्रांवर इतका सदोष ठरला की सोनीने तो आपल्या दुकानातून काही महिने काढून टाकला.

यावरून असे दिसते की पुरवणी सशुल्क आहे की विनामूल्य, एवढ्यावरून व्यवहाराची न्याय्यता ठरत नाही. वस्तू पाहण्यापूर्वी पैसे घेणारा विक्रेता ग्राहकाचा विश्वासच भांडवल म्हणून वापरीत असतो. ते भांडवल बुडाले तर तोटा कोणी सोसावा, हा या वादाचा गाभा आहे. आणि पैसे परत मिळण्याचा हक्क हेच त्यास आजवर मिळालेले सर्वांत स्पष्ट उत्तर होय.