धुराची साक्ष : प्राणवायु-संवेदक, चेक-इंजिनचा दिवा आणि पौड रस्ता

मोटारगाडीच्या चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की गाडीत काहीतरी बिघडले आहे एवढेच सर्वसामान्य मनुष्यास कळते. हा दिवा तेथे कोणी, केव्हा व कशासाठी बसविला हा प्रश्न तंत्राचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. प्रस्तुत लेखात त्या दिव्यामागील एका लहानशा उपकरणाचा, म्हणजे प्राणवायु-संवेदकाचा, मागोवा घ्यावयाचा आहे. आणि तो घेताना पुण्याहून मुळशी तालुक्यात जाणारा पौड रस्ता डोळ्यांसमोर ठेवावयाचा आहे. ही निवड लहरीखातर केलेली नाही. १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था याच रस्त्याच्या बाजूस वेताळ टेकडीवर आहे, आणि देशातील वाहनमानके ठरविणाऱ्या समितीचे सचिवालयही तिच्याकडेच आहे. वाहनांतील संगणकांसाठी आज्ञावली लिहिणारी केपीआयटी ही कंपनी हिंजवडीस, म्हणजे मुळशी तालुक्यातच आहे. आणि भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकून धरणाच्या काठाने पुढे गेले की ताम्हिणीचा घाट लागतो, जेथे आषाढातील पाऊस कोणत्याही विद्युत्-जोडणीची परीक्षा पाहतो. दिवा केव्हा लागावा हे ठरविणारे, तो लावणारी आज्ञावली लिहिणारे आणि तो लागल्यावर रस्त्याच्या कडेला थांबणारे, असे तिघेही एकाच टापूत सापडावेत हा योग अभ्यासकाने दवडू नये. (मुळशीचे नाव यंत्रयुगाच्या इतिहासात आले ते टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सुरू झालेल्या सत्याग्रहामुळे. त्या मानाने आपला विषय अगदीच सौम्य आहे.)

उपकरणाचे मूळ मोटारीत नाही, रसायनशास्त्रात आहे. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट याने १८८९ साली विद्युत्-घटाचा दाब आणि त्यातील द्रव्यांची तीव्रता यांचा संबंध सांगणारे समीकरण मांडले. पुढे दहा वर्षांच्या आत झिर्कोनियासारखी मृत्तिका तापविल्यावर वीज वाहू देते हेही त्याने दाखविले. संवेदकात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. झिर्कोनियाच्या टोपणासारख्या भागाच्या बाहेरून इंजिनाचा धूर जातो व आत बाहेरची मोकळी हवा असते. दोन्ही बाजूंस प्लॅटिनमचा पातळ थर असतो. दोहोंकडील प्राणवायूच्या प्रमाणात जितका फरक, तितका विद्युत्-दाब. मिश्रण दाट असेल, म्हणजे पेट्रोल अधिक असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट, विरळ असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. वजनी १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल हे शुद्ध पेट्रोलचे समप्रमाण होय, आणि दाबाची उडी नेमकी त्या बिंदूपाशी पडते. मात्र हे सारे मृत्तिका सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावरच घडते.

या ज्ञानाची गरज मोटारीस ऐंशी वर्षे भासली नाही. ती भासू लागली ती लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत हे धुरके मुख्यतः मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनते असे दाखविले. १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. धुरातील तीन विषारी घटक एकाच वेळी निकामी करणारा उत्प्रेरक मिश्रण समप्रमाणाच्या अगदी जवळ असेल तरच काम करतो. आणि इतकी अचूकता कार्ब्युरेटरच्या स्क्रूने साधत नाही. म्हणून धूर स्वतःच हुंगून पेट्रोलचे प्रमाण क्षणोक्षणी सुधारणारी योजना हवी होती. बॉश कंपनीने १९७६ साली संवेदकाचे उत्पादन सुरू केले व तो प्रथम कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत बसला. त्या राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून बिघाडाची नोंद स्वतः ठेवणारी यंत्रणा सक्तीची केली. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत एकच सांकेतिक क्रमावली व एकच जोडखाच लागू झाली. आज पिरंगुटच्या गॅरेजात मिस्त्री जो स्कॅनर लावतो त्याची भाषा ती हीच.

भारतात हे उपकरण उशिरा आले, आणि त्याचे कारण शिसे होय. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालीत असत. शिशाने उत्प्रेरकाचा व संवेदकाचा प्लॅटिनम-थर दोन्ही मरतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी धुराची तपासणी आणली खरी. परंतु ती इंजिन मंद चालू ठेवून केलेली, चारचाकीस ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा देणारी तपासणी होती. तिच्यासाठी मिस्त्रीचा कान आणि प्लगचा रंग पुरेसा होता. प्लग बदामी निघाला तर मिश्रण ठीक, काजळी धरलेला निघाला तर दाट, पांढरा पडला तर विरळ, ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती व तीत खोट फारशी नव्हती. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक सक्तीचा झाला व तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. या चारांत पुणे नव्हते. कायद्याची सीमा शहराची आणि गाडीची सीमा रस्त्याची, ही विसंगती त्या धोरणात प्रारंभापासूनच होती. शिसे देशभरातून गेले ते १ फेब्रुवारी २००० रोजी. त्याच वर्षी युरोपच्या पहिल्या टप्प्याशी समकक्ष नियम देशभर आले व कार्ब्युरेटरची सद्दी संपत चालली.

यापुढील धोरणाची आखणी रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. तिचा अहवाल २००२ साली आला. माशेलकर त्यापूर्वी पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. समितीने इंधन व गाडी यांचा एकत्र विचार केला हे तिचे श्रेय. परंतु शहर व बाहेरचा देश हा भेद तिनेही कायम ठेवला, आणि माझ्या मते तेथे ती आर्थिक अडचणींपुढे प्रमाणाबाहेर नमली. २०१० साली भारत चार हे नियम पुण्यासह मोजक्या शहरांत लागू झाले, तेव्हा शहरी पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्षांत ५० भाग व अन्यत्र १५० भाग अशी राहिली. हा दुभंग २०१७ साली मिटला. दिव्याची सक्तीही याच काळातली : २०१० पासून यंत्रणेचा पहिला टप्पा, २०१३ पासून दुसरा. १ एप्रिल २०२० रोजी भारत सहा आले आणि बहुतेक मोटरसायकलींच्या एक्झॉस्ट नळीतही संवेदक जाऊन बसला. मुळशी खोऱ्यातून पहाटे दूध घेऊन निघणाऱ्याच्या दुचाकीवर हा पिवळा दिवा आला तो तेव्हा.

आता निदानाच्या प्रश्नाकडे वळू. इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरे गोडी वाटावी असे येथेच काही आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापण्यास आरंभ केला, तेव्हा बखर काय सांगते यापेक्षा सांगणारा कोठे उभा होता हे आधी पाहावे, असा कटाक्ष त्यांनी ठेवला. संवेदकाच्या बाबतीत हाच कटाक्ष हवा. स्कॅनरवर ‘पी ०१७१’ हा अंक उमटला तर त्याचा अर्थ ‘मिश्रण विरळ’ एवढाच आहे. ‘संवेदक बिघडला’ असा अर्थ त्यातून निघत नाही. तरीही संवेदक बदलून पैसे घालविल्याची उदाहरणे सर्वत्र आढळतात. एखादा प्लग ठिणगी देत नसेल तर त्या सिलिंडरातील पेट्रोल व हवा दोन्ही न जळता बाहेर पडतात. संवेदक पेट्रोल मोजीत नाही, प्राणवायू मोजतो. त्यास प्राणवायू विपुल दिसतो आणि तो मिश्रण विरळ असल्याची ग्वाही देतो. नियंत्रक त्यावर विसंबून आणखी पेट्रोल सोडतो. साक्षीदार खोटे बोलत नाही; जे त्याने पाहिले तेच सांगतो, आणि तरी निवाडा चुकतो. संवेदकाच्या अलीकडे एक्झॉस्ट नळीस भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन हाच भास होतो. हवा मोजणाऱ्या यंत्राच्या पुढे रबरी नळी फाटली असेल, किंवा पेट्रोलपंपाचा दाब घटला असेल, तर मात्र मिश्रण खरोखरच विरळ असते.

म्हणून उलटतपासणी हवी. गरम इंजिनात मुद्दाम थोडी इंधनवाफ देऊन मिश्रण दाट करावे. दाब चटकन ०.८ व्होल्टच्या वर गेला पाहिजे. मग निर्वात नळी सैल करून हवा वाढवावी, तो ०.२ व्होल्टच्या खाली आला पाहिजे. दोन्ही घडले तर साक्षीदार विश्वसनीय आहे, दोष अन्यत्र शोधावा. सुई मधेच रेंगाळली, तर मृत्तिकेवर सिलिकॉनचा पांढरा थर वा जळक्या ऑइलची काजळी आहे का ते पाहावे. ‘पी ०१३५’ हा अंक केवळ तापक-तारेबद्दल बोलतो. तेथे फ्यूज व रोध तपासणे पुरते. ‘पी ०४२०’ हा उत्प्रेरकामागील दुसऱ्या संवेदकाच्या आधारे काढलेला निष्कर्ष होय. मागील संवेदकाची रेषा पुढच्यासारखीच वरखाली नाचू लागली, तर बहुधा उत्प्रेरकाची प्राणवायू साठविण्याची शक्ती ओसरलेली असते. मात्र अनेक नव्या गाड्यांतील पुढचा संवेदक विस्तृत पट्टा मोजणारा असतो. त्यास वरील व्होल्टची कसोटी लागू पडत नाही.

ताम्हिणीच्या पावसाचा संबंध येथे येतो. टोपणाच्या आतील तुलनेची हवा कित्येक संवेदकांत तारांच्या आवरणातून व जोडणीतून आत येते. जोडणीत पाणी शिरू नये म्हणून प्रेमाने फासलेले ग्रीस ती वाट बुजविते, आणि ज्या हवेशी तुलना करावयाची तीच बिघडते.

इंधनानेही पुन्हा रूप पालटले आहे. २०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. त्यात महाराष्ट्राच्या उसाचा वाटा मोठा आहे. इथेनॉल स्वतःच प्राणवायू बाळगून असल्यामुळे अशा मिश्रणाचे समप्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर उतरते, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने बांधलेल्या गाडीच्या नियंत्रकास वजनी सुमारे नऊ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. ही भरपाई सामान्यतः त्याच्या आवाक्यात असते. परंतु जिच्या नळीत आधीच बारीक गळती आहे, अशा जुन्या गाडीत दोन्ही भर एकाच बाजूला पडून मर्यादा ओलांडली जाते आणि दिवा लागतो. तेव्हा भरपाईचा आकडा वाचण्यापूर्वी गाडी कोणत्या सालची आहे आणि टाकीत कोणते पेट्रोल आहे, हे मिस्त्रीने आधी विचारावे लागते.