जमिनीत पुरलेल्या तापमापकाची कुळकथा

हवेचे तापमान तासागणिक बदलते. जमिनीत खाली जावे तसा हा चढउतार मंदावतो. दिवसरात्रीचा फरक साधारण अर्ध्या ते एक मीटरवर संपतो, तर उन्हाळा-हिवाळ्याचा फरक दहा-वीस मीटरपर्यंत पोहोचतो. त्याखाली वर्षभर जवळपास एकच तापमान राहते. पॅरिसच्या वेधशाळेच्या सुमारे २८ मीटर खोल तळघरात १७८३ मध्ये लाव्हाझिएचा तापमापक बसवला गेला, तो ही स्थिरता तपासण्यासाठी.

पुढची पायरी एडिंबरात पडली. जेम्स डेव्हिड फोर्ब्स यांनी १८३७ मध्ये ३, ६, १२ आणि २४ फ्रेंच फूट खोलीवर लांब दांड्यांचे अल्कोहोलचे तापमापक पुरले. फुगा खाली आणि वाचनाची पट्टी जमिनीच्या वर, अशी त्यांची रचना होती. उन्हाळ्याची ऊब २४ फुटांवर पोहोचेपर्यंत वर जानेवारी उजाडतो, हे या नोंदींतून दिसले. भारतात अशा नोंदी जॉन कॅल्डेकॉट यांनी त्रिवेंद्रमच्या वेधशाळेत १८४२ ते १८४५ या काळात ठेवल्या.

गोठलेल्या जमिनीचे मापन एका विहिरीपासून सुरू झाले. सैबेरियातील याकुत्स्क येथे एका व्यापारी कंपनीचे अधिकारी शेर्गिन यांनी १८२८ मध्ये पाण्यासाठी खोदकाम सुरू केले. १८३७ पर्यंत विहीर ११६ मीटर खोल गेली, तरी पाणी लागले नाही, कारण तळही गोठलेलाच होता. पुढे संशोधक मिडेनडॉर्फ यांनी १८४४ पासून तिच्या भिंतींत भोके पाडून वेगवेगळ्या खोलीवरचे तापमान मोजले. खाली जावे तशी थंडी कमी होत होती, पण तळाशीही पारा शून्याखालीच होता. सलग किमान २ वर्षे शून्य अंशावर किंवा त्याखाली राहणाऱ्या अशा जमिनीला आज पर्माफ्रॉस्ट म्हणतात.

शेतीसाठी जमिनीचे तापमान पाहण्याची भारतीय परंपरा पुण्यात रुजली. हवामान खात्याचा कृषी-हवामान विभाग १९३२ मध्ये तेथे सुरू झाला. एल. ए. रामदास यांनी आर. के. द्रविड यांच्यासह काळ्या कापसाच्या जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरून खालचे तापमान मोजले. ऊन परावर्तित झाल्याने माती थंड राहिली. भुकटी काढल्यावर ती पुन्हा तापली. जमिनीचे तापमान केवळ हवेवर ठरत नाही, पृष्ठभागावर काय आहे यावरही ठरते, हे त्यातून स्पष्ट झाले. आजही कृषी वेधशाळांत ५, १० आणि २० सेंटिमीटरवर वाकड्या दांड्याचे तापमापक असतात.

उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही टोकांना, सुरत-बारडोलीच्या उसाच्या आणि खानदेशातील कापसाच्या पट्ट्यात, हीच काळी माती आहे. ती उन्हात लवकर तापते. उसाचे पाचट न जाळता सरीत पसरले की पृष्ठभागावर सावली पडते, ओल टिकते आणि माती कमी तापते. टुंड्रातले, म्हणजे उत्तरेकडील गोठलेल्या प्रदेशातले, शेवाळ हेच काम करते. उन्हाळ्यात कोरडे शेवाळ वरची ऊब खाली जाऊ देत नाही. शरदात ते ओले होऊन गोठते तेव्हा उष्णता सहज वाहते, कारण बर्फ पाण्याच्या सुमारे चौपट उष्णतावाहक आहे, आणि जमीन आणखी थंड होते. वणव्यात शेवाळ जळले की उन्हाळ्यात वितळणारा वरचा थर खोल जातो. हवा तापल्याने झुडपे वाढतात. ती उन्हाळ्यात सावली देतात, पण हिवाळ्यात बर्फ अडवून जमिनीवर जाड पांघरूण घालतात, त्यामुळे खालची ऊब टिकते. म्हणून वनस्पतींची नोंद घेतल्याशिवाय तापमानाचे आकडे समजत नाहीत.

वितळण मोजण्याच्या दोन रीती आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस धातूची सळई कठीण थर लागेपर्यंत खुपसून वितळलेल्या थराची जाडी घेतात. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘काम’ (CALM) या आंतरराष्ट्रीय जाळ्यात चौकोनी जागेवर ठरावीक अंतराने, अनेकदा १२१ ठिकाणी, ही मोजणी होते. दुसरी रीत बोअरची. त्यात विजेचा रोध बदलून तापमान सांगणारे थर्मिस्टर तारेवर ठरावीक खोलीवर लावतात. जुनी उष्णता हळूहळू खाली मुरत असल्याने खोल बोअरमधून गतकाळही वाचता येतो. लाखेनब्रुख आणि मार्शल यांनी १९८६ मध्ये अलास्काच्या तेलविहिरींतील तापमानांवरून दाखवले की त्याआधीच्या काही दशकांत ते शतकभरात पृष्ठभाग २ ते ४ अंशांनी तापला होता. २००७ ते २०१६ या दशकात जगभरच्या पर्माफ्रॉस्टचे तापमान सरासरी सुमारे ०.३ अंशांनी वाढले.

या मोजणीचा हवामानाशी संबंध कार्बनमुळे येतो. उत्तरेकडील गोठलेल्या मातीत वातावरणाच्या जवळपास दुप्पट कार्बन आहे. माती वितळली की सूक्ष्मजीव तो कुजवतात, आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन बाहेर पडतात. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र चालवते ते हिमाद्री हे भारताचे केंद्र २००८ पासून स्वालबार्डमध्ये, अशाच गोठलेल्या प्रदेशात आहे.